मापून घेतलेली गाडी

शोरूममध्ये माणूस गाडीत एकदाच बसतो. दार दुसरं कुणीतरी उघडून धरलेलं असतं, सीट पार मागे सरकवलेली असते, एसी आधीच चालू असतो. अशा थाटात एकदा बसायला कुणालाही जमतं. सत्तरीच्या माणसाचा गुडघा बोलायला लागतो तो दिवसातल्या पाचव्या-सहाव्या चढउताराला: बँक, केमिस्ट, भाजी, दवाखाना आणि विसरलेल्या गोळ्यांसाठी पुन्हा केमिस्ट. म्हणून काकांसाठी गाडी बघायला निघताना एकच नियम ठरवला. प्रत्येक गाडीत दहा वेळा बसायचं, दहा वेळा उतरायचं, आणि दार स्वतःच उघडायचं.

काकांचं वय ७१, उंची ५ फूट ३ इंच. डावा गुडघा झिजलेला, मान उजवीकडे पुरती वळत नाही, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. घर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीत, पार्किंग तळघरात. महिन्याचं फिरणं साधारण ४०० किलोमीटर, त्यात दोन-तीन महिन्यांतून एकदा सातारा, म्हणजे खंबाटकी घाट आलाच. गिअरची हॅचबॅक पंधरा वर्षं चालवलेली. गाडीचं नाव काढायच्या आधी एवढं सगळं कागदावर लिहिलं होतं. हा कागद नसेल तर शोरूममधला माणूस त्याच्याकडे स्टॉकात जे पडून आहे ते गळ्यात मारतो.

दुसरं काम टेपचं. काकांनी रोजच्या सॅंडल घालून उभं राहायचं आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजायचं. आलं ४३ सेंटिमीटर. सीटची बाहेरची कड या मापापेक्षा १० ते २० सेंटिमीटर उंच असली की माणूस सीटवर 'टेकतो' आणि पाय आत घेतो. त्याहून खाली असली की बसताना शेवटची चार बोटं धपकन पडतो आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. त्याहून वर असली की टाचा सुटतात, चढावं लागतं. म्हणजे काकांच्या हिशेबाने सीट ५३ ते ६३ सेंटिमीटरच्या पट्ट्यात हवी. हे माप ब्रोशरमध्ये नसतं, टेपच न्यावी लागते. सीटची उंची बदलता येत असेल तर सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर, दोन्हीकडे मोजायचं.

टेप हातात आहेच, तर दाराखालचा उंबराही मोजून घ्यावा. उंबरा जमिनीपासून किती उंच आहे यापेक्षा तो आतल्या फ्लोअरपासून किती वर येतो आणि किती रुंद आहे, ते महत्त्वाचं. उतरताना पाय या उंबऱ्यावरून उचलून बाहेर टाकायचा असतो. रुंद उंबऱ्याच्या गाडीत पोटरी त्याला घासते, आणि पावसाळ्यात रोज पँटवर चिखलाचा पट्टा उमटतो.

दहा वेळा चढउतार करताना माणसाकडे बघायचं नाही, त्याच्या हाताकडे बघायचं. पहिल्या तीन वेळा काका कशालाही न धरता बसले. सहाव्या वेळेपासून उजवा हात दाराच्या वरच्या कडेवर जायला लागला. दार हे हलणारं आहे, उतारावर तेच आपल्याला ओढतं, म्हणून ही खूण वाईट. आठव्या वेळी डावा हात स्टिअरिंगवर. हे चालेल. लहान गाड्यांत छताजवळचा धरायचा दांडा बाकी सीटना असतो आणि नेमका चालकाच्या बाजूला नसतो. ज्याला उतरायला आधार हवा त्यालाच तो नाही, हे गणित काही कळत नाही. दाराच्या लॅचची यू आकाराची कडी असते, तिच्यात अडकवायचा हातदांडा बाजारात मिळतो आणि तो खरंच उपयोगी पडतो. उतरलं की काढून दाराच्या खणात टाकायचा. दार लावताना विसरला तर कडी आणि लॅच दोन्ही जातात.

या चाचणीत यादीतल्या निम्म्या गाड्या गळाल्या. बलेनोची उंची १५०० मिलिमीटर, नियॉसची १५२०, टियागोची १५३५. या बुटक्या गाड्यांत सीट जमिनीलगत येते आणि मान वाकवून आत शिरावं लागतं. तरुणाला याचं काही वाटत नाही. उरल्या तीन: वॅगन आर (१६७५), एक्स्टर (१६३१) आणि पंच (१६१५). इग्निस १५९५, म्हणजे काठावर. तिच्यात काका बसले नीट, उतरताना मात्र कपाळ दाराच्या चौकटीला लागलं. एमजीची कॉमेट जेमतेम २९७४ मिलिमीटर लांब, पार्किंगला खेळण्यासारखी, पण दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून वाकून शिरायचं. काकूंनी फक्त काचेतून बघितली आणि पुढे चालू लागल्या.

मग पार्किंग. पंचची दारं ९० अंशांपर्यंत उघडतात, आणि मोकळ्या मैदानात ती सोय फार छान आहे. तळघरात दोन खांबांमध्ये गाडी उभी असेल तर ९० अंश कुणाला मिळणार? काकांच्या जागेत खांब ते खांब २३० सेंटिमीटर. पंचची रुंदी १७४ सेंटिमीटर, एक्स्टरची १७१, वॅगन आरची १६२. डाव्या खांबापासून १५ सेंटिमीटर ठेवून गाडी लावली तर चालकाच्या बाजूला पंचला ४१ सेंटिमीटर उरतात, एक्स्टरला ४४, वॅगन आरला ५३. कागदावर हा फरक चार बोटांचा दिसतो. प्रत्यक्षात एक्केचाळीसमध्ये दार पहिल्याच खाचेवर अडतं आणि झिजलेला गुडघा वळवून, कुशीवर होऊन बाहेर पडावं लागतं. त्रेपन्नमध्ये माणूस आधी दोन्ही पाय बाहेर टाकतो आणि मग उठतो. पुठ्ठ्याचे दोन खोके खांबांच्या जागी ठेवून शोरूमच्या अंगणातही हे करून बघता येतं. लोक हसतात, हसू द्यावं.

आता गिअर. डावा गुडघा गेलेला असल्यावर क्लच नको, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. त्यानंतर 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली दोन-तीन वेगळ्या वस्तू खपवल्या जातात. या किमतीत मिळतो तो बहुतेक एएमटी: आत साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त तो दाबायला आणि गिअर बदलायला पायाऐवजी यंत्र बसवलेलं. भारतात हा प्रकार २०१४ मध्ये सेलेरिओतून आला. गिअरच्या गाडीपेक्षा साधारण ५० हजार जास्त पडतात. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि बसलेल्यांच्या माना डोलतात. बदल होताना ॲक्सिलरेटर किंचित सोडला की झटका निम्म्याने कमी होतो, आणि जुन्या गिअरवाल्याला ही सवय लगेच लागते. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार जास्त गुळगुळीत चालतात, पण त्यासाठी अमेझ, मॅग्नाइट टर्बो, फ्रॉन्क्स टर्बो अशा वरच्या किमतीत जावं लागतं. महिन्याला ४०० किलोमीटरसाठी ते पैसे घालवण्यात अर्थ नव्हता.

एएमटीचं खरं दुखणं रॅम्पवर कळतं. तळघरातून वर येताना पुढची गाडी थांबली, आपणही मध्येच थांबलो. इथे हिल होल्ड (चढावर ब्रेक क्षणभर आपोआप धरून ठेवणारी सोय) नसेल तर ब्रेकवरून पाय काढल्यापासून क्लच धरेपर्यंत गाडी मागे सरकते. बरेच जण मग ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर तोलून धरतात. आत क्लच अर्धवट लागलेला असतो, तो घासत राहतो, जळका वास येतो, आणि वर्षभरात हजारोंचं बिल. चढावर थांबायचं तर पाय ब्रेकवर किंवा हँडब्रेक वर, तिसरा मार्ग नाही. म्हणून टेस्ट ड्राइव्हची गाडी हट्टाने घरी मागवावी आणि याच रॅम्पवर, घरची माणसं आत बसवून, मध्यावर दोनदा थांबवून बघावी. शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात. डेमोला आलेली गाडी आपण घेणार तीच आहे ना, तेही विचारावं. घ्यायची मधली एएमटी आणि चालवायला मिळते वरच्या श्रेणीतली गिअरची, असं सर्रास होतं.

त्याच फेरीत गल्लीत यू-टर्न मारून बघितला. वॅगन आरची वळण-त्रिज्या ४.७ मीटर, म्हणजे एका दमात वळायला साधारण साडेनऊ मीटर रस्ता पाहिजे. आतला रस्ता ९ मीटरचा, त्यातही एका कडेला स्कूटी लावलेल्या. तर कुठलीही गाडी घेतली तरी एकदा मागे घ्यावी लागणारच. ज्याची मान वळत नाही त्याने ती कशी घ्यायची, हा पुढचा मुद्दा.

मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचे आहेत. त्यांचा आवाज मात्र उंच, बारीक पट्टीतला असतो, आणि वयाबरोबर आधी ऐकू येईनासा होतो तो नेमका तसलाच आवाज. काचा बंद, एसीचा पंखा तीनवर, अशा अवस्थेत काकांना तो ऐकू येतो का ते तपासलं. येत होता, पण 'लांब कुठेतरी' वाजल्यासारखा. म्हणून कॅमेरा हवाच. कंपनीचा त्या श्रेणीत नसेल तर बाहेरून बसवता येतो, फक्त वायर तोडून जोडलेली नको, तयार सॉकेटची हवी, नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो. बाजूचे आरसे आतून बटणाने फिरणारे पाहिजेत. डावा आरसा हाताने नीट करायला डावीकडे पूर्ण झुकावं लागतं, आणि ते जमत नाही म्हणून माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या कोनातल्या आरशावर गाडी चालवतात.

डोळ्यांची चाचणी संध्याकाळी साडेसहानंतर करायची. मोतीबिंदूनंतर बसवलेली साधी लेन्स सहसा लांबचं स्वच्छ दाखवते. चष्म्याच्या खालच्या भिंगातून वाचायचं जवळचं दिसतं. डॅशबोर्ड डोळ्यांपासून ७० ते ७५ सेंटिमीटरवर, म्हणजे या दोन्हींच्या मधोमध. स्पीडोमीटरचा काटा दिसतो, बारीक अक्षरातला इंधनाचा आकडा दिसत नाही, आणि काका हनुवटी वर करून खालच्या भिंगातून तो शोधायला लागतात. तेवढ्यात गाडी वीस-तीस मीटर पुढे गेलेली असते. म्हणून मोठा गोल काट्याचा मीटर आणि एसीला फिरवायची बटणं, हे आम्ही अटीत घातलं. पडद्यावर बोट टेकवून पंखा कमी-जास्त करायचा प्रकार सरळ नाकारला. वॉशरसकट मागचा वायपरही यादीत होता, कारण पुण्याच्या पावसात उभ्या मागच्या काचेवर चिखल बसतो आणि कॅमेऱ्याचं भिंगही माखतं. तो बऱ्याचदा वरच्या श्रेणीतच मिळतो.

बसण्याची बैठक ठरवताना छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत २५ सेंटिमीटर तरी अंतर हवं, कारण त्या मध्यातून एअरबॅग फुटते. बुटका माणूस पेडलपर्यंत पोचायला सीट पुढे घेतो आणि हे अंतर वीसवर येतं. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग वर-खाली होतं, मागे-पुढे होत नाही. उपाय असा की सीट आधी वर उचलायची, मग पाठ थोडी मागे कलवायची, मग पुन्हा मोजायचं. काकांचं २६ आलं. उंची मिळावी म्हणून खाली जाड गादी घालू नये. ब्रेक जोरात लागला की गादी सरकते, माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा कमरेच्या हाडावरून पोटावर येतो. बाजूच्या एअरबॅग सीटच्या कडेत असतील तर त्या बाजूने पूर्ण शिवलेलं सीट कव्हरही चढवायचं नाही. 'ॲक्सेसरी पॅक' या नावाखाली नेमकं तेच गळ्यात पडतं.

सीएनजीचा हिशेब पाच मिनिटांत संपला. शहरात पेट्रोलला किलोमीटरमागे साधारण साडेसहा रुपये, सीएनजीला साडेतीन. महिन्याला ४०० किलोमीटरला बाराशे रुपये वाचणार. सीएनजीसाठी जास्तीचे ९० हजार भरले तर ते वसूल व्हायला सहा वर्षांच्या वर. शिवाय पंपावरची रांग, भरताना सगळ्यांनी गाडीबाहेर उभं राहणं, डिकीत सिलिंडर, आणि वॅगन आरमध्ये सीएनजीबरोबर एएमटी मिळत नाही. टाटांच्या टियागोत २०२४ पासून मिळतो, पण टियागोची सीट खाली. इलेक्ट्रिकमध्ये क्लच नाही, गिअर नाही, झटका नाही. गुडघ्यासाठी यासारखं काही नाही. तळघरातल्या आपल्या जागेवर चार्जिंगला परवानगी आणि स्वतःच्या मीटरवरून ओढलेली वायर असेल तरच तो विचार करावा. इथे नव्हती.

शेवटी वॅगन आर आणि पंच. इथे मात्र डोळे उघडे ठेवायला हवेत. ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या टक्कर-चाचणीत पंचला २०२१ मध्ये मोठ्यांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. वॅगन आरला २०२३ मध्ये एक. २०२५ मध्ये वॅगन आरला सहा एअरबॅग सर्व श्रेणींत आल्या, पण एअरबॅग वाढल्या म्हणून गाडीचा सांगाडा बदलत नाही. आणि सत्तरीची हाडं ठिसूळ असतात, त्याच धडकेत तरुणापेक्षा जास्त मोडतात. म्हणजे ज्याला मजबूत गाडी जास्त गरजेची, त्यालाच सोपी गाडीही जास्त गरजेची.

आमचा कल वॅगन आरकडे गेला, कारण काकांची नव्वद टक्के फेरी ४० च्या आतल्या वेगाची आहे आणि रोजच्या खांबांमधले ते ५३ सेंटिमीटर कुठूनही दुसरे आणता येत नव्हते. त्याबरोबर दोन अटी: सातारा दिवसाउजेडीच, आणि एकटं जायचं असेल तर स्वारगेटहून विनाथांबा एसटी. हायवे आठवड्याचा असता, किंवा पार्किंग मोकळं असतं, तर डोळे मिटून पंच. इंजिन १.२ लिटरचं घेतलं. ९९८ सीसीचं शहराला पुरतं, पण चार माणसं, एसी आणि खंबाटकी एकत्र आले की ते दमतं आणि एएमटी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळते.

खरेदीत फार काही नवल नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीची कुठलीही किंमत धरून बसू नये. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रस्ता कर ११ टक्के. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचा कोट दाखवला की आतला खाली येतो. फॉर्म २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा कंपनीचा दाखला) वरचे इंजिन-चॅसिस नंबर गाडीवर ताडून बघायचे, उत्पादनाचा महिना विचारायचा, टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष). लायसनही त्याच आठवड्यात काढून बघा. ५५ नंतर ते पाच-पाच वर्षांचंच मिळतं, नूतनीकरणाला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १ए लागतो, आणि मुदत उलटून वर्ष झालं की पुन्हा टेस्ट द्यावी लागते.

गाडी घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात धोक्याचे. पन्नास वर्षांची सवय असलेला डावा पाय घाबरला की क्लच शोधतो, आणि तिथे सापडतो रुंद ब्रेक. गाडी कचकन उभी राहते. हे तरी बरं. याच्या उलटची चूक जीवघेणी असते: मागे बघायला कंबर वळली की उजवा पाय नकळत ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर सरकतो, गाडी उसळते, आणि घाबरलेला माणूस 'ब्रेक' म्हणून तेच पेडल आणखी दाबतो. म्हणून रिव्हर्समध्ये कंबर वळवायचीच नाही, आरसे आणि कॅमेरा यांवरच जायचं. उजवी टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली, ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा फिरवायचा. डावा पाय कडेच्या टेकणावर, तिथून हलवायचा नाही. सकाळी सहाला मोकळ्या मैदानात रोज अर्धा तास, आठवडाभर, फक्त पुढे, थांब, मागे, थांब. पायात मागे पट्टा असलेली सॅंडल. कोल्हापुरी घरी ठेवायची. आणि चालकाच्या बाजूला मॅट एकच, हुकात अडकवलेला. त्यावर हौसेने टाकलेला दुसरा मॅट पेडलखाली जातो.

अशा गिअरला 'पी' (पार्किंगचा खटका) नसतो, हेही अंगवळणी पडायला लागतं. गाडी लावताना ब्रेक दाबून 'डी' (पुढे) किंवा 'आर'मध्ये (मागे) ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, मग किल्ली बंद. आणि आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास चालवायची. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत बॅटरी भरत नाही, आणि बॅटरी मंदावली की एएमटी गिअर घ्यायलाच नकार देते. गिअरच्या गाडीसारखी ती ढकलून चालू होत नाही.

तळघरात आता डाव्या खांबावर आरशाच्या उंचीला पिवळ्या रंगाचा पट्टा मारला आहे आणि मागच्या चाकांसाठी जमिनीत रबरी ठोकळा ठोकला आहे. आरसा पट्ट्याला आला, चाक ठोकळ्याला लागलं, की उजवीकडे त्रेपन्न उरतात.